कागदावर पेट्रोल, बॉनेटखाली डिझेल

आरसीबुकात इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल’ असं स्वच्छ लिहिलं होतं. बॉनेट उचललं तर खाली मॅटाडोरचं डिझेल इंजिन. तेही असं तिरकं बसवलेलं, की पंखा रेडिएटरच्या मधोमध न फिरता एका अंगाला फिरायचा. २०२१ ची दिवाळी, भाऊबीजेचा दिवस. मालक जुना वडापवाला, म्हणजे जीपमध्ये माणसं भरून खेपा मारणारा, गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे घरी बसलेला. “चालू कंडिशन हाय सर,” म्हणाला. ते खोटं नव्हतं. चौघांनी ढकलली की चालू व्हायची. पासष्ट हजार सांगितले, पंचावन्नला सौदा झाला, आणि १९७१ सालची महिंद्राची सीजे-३बी ट्रॅक्टरला दोरखंड बांधून आमच्या गोठ्यात आली. गोठा वडिलांनी म्हशी विकल्यापासून रिकामाच होता. राधानगरी रस्त्यावरच्या आमच्या गावात रिकामा गोठा म्हणजे एक तर भाड्याने द्यायचा, नाही तर त्यात काहीतरी उद्योग काढायचा. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. उद्योग काढला.

माझ्या डोक्यात तेव्हा भलतीच जीप होती. रात्र रात्र मोबाइलवर पाहिलेली: फुगीर टायर, पॉवर स्टिअरिंग, लष्करी हिरवा रंग, मागचा भाग कापून छोटा हौदा, म्हणजे जीपची पिकअप. हरियाणा-पंजाबच्या सीमेवर डबवालीला उघड्या जीपच्या नव्याकोऱ्या बॉड्या ठोकून मिळतात. तिथल्या एकाशी बोलून मी भावही काढून ठेवला होता. मग एका मित्राने, जो वकील आहे आणि आनंदावर पाणी टाकण्याची फी घेत नाही, मला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचायला लावलं. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल होईल असा फेरफार गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. दंड तर प्रत्येक बदलामागे पाच हजार, शिवाय कैदेची तरतूद आहेच. हिरवा रंगही गेला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२१ सांगतो, की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांना. रस्त्यावर हिरव्या जीप दिसतात, त्या नियम न वाचलेल्यांच्या.

म्हणजे माझ्यासमोर उभी असलेली जीप आधीच बेकायदा होती. डिझेल इंजिनाचं बिल नाही, मंजुरीचा कागद नाही, आणि आरसीची मुदत २०१६ मध्येच संपलेली. ती रस्त्यावर आणायची तर तिला आधी आरसीत लिहिलेली गाडी करणं भाग होतं. कस्टम करायला निघालेला माणूस पहिल्याच महिन्यात उलट्या तोंडाने मूळ गाडीकडे चालू लागला.

हे पाप एकट्या माझ्या जीपचं नाही. पेट्रोलची जीप लिटरला सात-आठ किलोमीटर जाते. वडापमध्ये बारा माणसं कोंबली तरी ते परवडायचं नाही. म्हणून आमच्या भागातल्या कितीतरी जीपांच्या पोटात कधी ना कधी दुसऱ्याचं काळीज बसवलं गेलं. कुणी मॅटाडोरचं, कुणी ट्रॅक्टरचं, जे स्वस्तात हाती लागेल ते.

शेजारच्या गल्लीत एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मिस्त्री राहतात. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं, मीही म्हणतो. त्यांनी जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, “सर, ही गाडी न्हाई, ही गावजेवणाची पंगत हाय. जो आला त्यानं आपलं वाढलंय.”

“मग काय करायचं मामा?”

“खोला. खोलल्याबिगर कळत न्हाई.”

खोलायला सुरुवात चाकांपासून केली, एकट्याने, रविवारी सकाळी. उजवी दोन्ही चाकं सुटली. डाव्या पुढच्या चाकाचा नट काही केल्या हलेना. डिझेल ओतलं, हातोडीने ठोकलं, पान्याला चार फुटी पाइप लावला आणि त्यावर उभा राहिलो. कट्‌ असा आवाज आला. मला वाटलं सुटला. सुटला नव्हता, स्टड, म्हणजे ज्यावर नट बसतो तो खुंटा, मुळातून तुटला होता. मी तेवढ्याच उत्साहाने दुसराही तोडला. तेवढ्यात मामा दारात. “उलटं हाय वो त्ये! डाव्या अंगाचं उलटं असतंय!” विलिस या मूळ अमेरिकी कंपनीच्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. चाक पुढे फिरताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून केलेली ती योजना. स्टडच्या टोकावर इंग्रजी ‘एल’ ठोकलेला असतो, तो चिखलाखाली दिसत नव्हता. टॉर्क आणि दिशा हे मी दरवर्षी फळ्यावर काढून शिकवतो.

खोलण्यात तीन महिने गेले, आणि सगळ्या प्रकरणातले ते मला सर्वांत आवडलेले. प्रत्येक भागाला चिठ्ठी, प्रत्येक बोल्ट ताकाच्या रिकाम्या बाटल्यांत, वहीत चित्र. हळूहळू मला आधीची माणसं ओळखू यायला लागली. एक होता वायरवाला: त्याला लाल रंगाचीच वायर मिळत असावी. हेडलाइट, हॉर्न, पार्किंग, सगळं लाल. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी. दुसरा होता नीटस: त्याने पुढच्या चाकाच्या सांध्याचे, म्हणजे नकलचे, किंगपिन बसवताना शिमऐवजी (फट भरायची पातळ चकती) डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून घातला होता, पण इतका गोल आणि बिनबुरीचा, की मामांनी तो हातात धरून बराच वेळ पाहिला. “ह्यो कारागीर व्हता,” एवढंच बोलले. तिसरा पेंटर. त्याने पत्र्यावर इंचभर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली होती आणि लांबी धरावी म्हणून आत गोणपाटाचा तुकडा घातला होता. रंगाचे थर मी पॉलिश पेपरने एका जागी खोल घासून मोजले: पांढरा, लाल, निळा, परत लाल, मग खाली राखाडी. मागच्या बंपरवर दोन लोखंडी पट्ट्या वेल्ड केलेल्या, त्या लोंबकळणाऱ्या प्रवाशांच्या पायांसाठी. त्या कापताना मला उगाच वाईट वाटलं. शाळेत असताना असल्याच पट्टीवर उभा राहून मी शहरात जायचो.

एव्हाना मूळ इंजिनाचा शोध चालू होताच. सीजे-३बी विलिसने १९५३ मध्ये काढली आणि अमेरिकेत १९६८ मध्ये बंद केली. आपल्याकडे मात्र महिंद्रा ती बनवत राहिली. तिचं बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच, आणि त्याला कारण हे इंजिन: हरिकेन, चार सिलिंडर, २१९९ सीसी. आधीच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असत. हरिकेनमध्ये एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्येच ठेवले आणि इनटेकचे वर हेडमध्ये नेले. इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेट उंच केलं. देखणेपणाचा विचार त्यात नव्हता. आज लोक याच उंच नाकाला भुलून ही जीप शोधतात, मीही त्यातलाच.

पुण्याचा जुना बाजार पाहिला, मुंबईत कुर्ल्याला जाऊन आलो. इंजिनं होती, पण दुसऱ्या नंबरची. दुसरं इंजिन घातलं तरी आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नवा नंबर चढवणं आलंच. शेवटी सहज म्हणून वडापवाल्यालाच फोन केला: तुमचं जुनं इंजिन काढलं तेव्हा गेलं कुठं? “कुठं जातंय, थोरल्या भावाच्या पडवीत पडलंय.” वीस-पंचवीस वर्षं ते पेंडीच्या पोत्यांखाली पडून होतं. वर कोंबडीने अंडी घालायची जागा केली होती. नंबर असतो पुढच्या बाजूला, वॉटर पंपाजवळच्या उंचवट्यावर. तारेच्या ब्रशने घासत गेलो तसा एकेक आकडा वर आला. सगळे जुळले, शेवटून दुसरा सोडून. तो ३ आहे की ८, ते काही केल्या ठरेना. मामांनी खिशातली पेन्सिल काढली, आरसीबुकाच्या झेरॉक्सच्या मागच्या बाजूने तो कागद आकड्यांवर धरला आणि शिसं आडवं फिरवलं. तीन. इंजिन भंगाराच्या भावाने, पेंडीच्या काट्यावर तोलून घेतलं. अंडी मालकाला परत दिली.

आता काकवीची गोष्ट. गंजलेले छोटे भाग, म्हणजे शॅकल, ब्रॅकेट, पेडल, स्टिअरिंगचा बेल क्रँक, घासून घासून बोटं सोलली होती. परदेशातले हौशी लोक गंजके भाग उसाच्या मळीत बुडवून ठेवतात असं वाचलं. आमच्याकडे ऊस कमी आहे का! मळी मात्र अशी सहज विकत मिळत नाही, त्यावर उत्पादन शुल्क खात्याची नजर असते. पण गुऱ्हाळ हाकेच्या अंतरावर. करपून वाया गेलेली काकवी गुऱ्हाळवाल्याने दोन डबे फुकट दिली, वर विचारलं, “सर, दारू पाडताय काय?” निळ्या पिंपात एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, आणि त्यात तारेने लोंबकळवलेले भाग. पहिल्या आठवड्यात नुसता वास. दुसऱ्या आठवड्यात वर पांढरी साय धरली आणि मुंगळ्यांची रांग लागली. बायको म्हणाली, “अहो, ते पिंप एक तर बाहेर काढा, नाही तर तुम्ही तरी बाहेर झोपा.” पिंप बाहेर काढलं. तिसऱ्या आठवड्यात बेल क्रँक वर काढून पाण्याचा फवारा मारला, तर गंज चिखलासारखा वाहून गेला आणि आत करडं, कोवळं लोखंड. पन्नास वर्षांपूर्वीच्या साच्याच्या खुणा दिसत होत्या. आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडमनी समजावलं, की काकवीतले काही रेणू लोहाच्या आयनाला चिमट्यासारखे दोन बाजूंनी धरतात आणि गंज सुटा करून पाण्यात नेतात, चांगल्या लोखंडाला फारसं छेडत नाहीत. मात्र काढल्या काढल्या पुसून, वाळवून रेड ऑक्साइड मारावं लागतं. मी एकदा चहाला गेलो, परत येईपर्यंत भागावर तांबूस झाक आली होती.

हेही सांगायला हवं, की जस्ताच्या नि ॲल्युमिनियमच्या वस्तू काकवी खाऊन टाकते. मी उत्साहाच्या भरात फ्युएल पंपाचं वरचं झाकणही बुडवलं होतं. तीन आठवड्यांनी हाती आली ती उंदराने कुरतडल्यासारखी चकती.

जस्ताशी माझं काही तरी वैरच असावं. बॉडीचा तळ पूर्ण सडला होता. ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते, तिच्या खालचा पत्रा तर बोटाने पडत होता. वेल्डिंग शिकायचं म्हणून कार्बन डायऑक्साइडवर चालणारं मिग मशीन घेतलं आणि सरावाला गोठ्याच्या छपराचा उरलेला पत्रा कापून लावला. तो जस्ताचा मुलामा दिलेला. दार बंद करून दुपारभर वेल्डिंग केलं, पांढरा धूर गोडसर लागत होता. रात्री थंडी वाजून ताप भरला, दात वाजत होते. डॉक्टरांनी आधी मलेरिया तपासायला सांगितला, मग काय करत होता विचारलं आणि हसले. जस्ताच्या धुराचा ताप. दुसऱ्या दिवशी उतरला, पण त्यानंतर दारं उघडी, पंखा चालू आणि पत्रा फक्त साधा, बिनजस्ताचा सीआर, १८ गेज.

१८ गेज म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर. आधी मामांच्या जुन्या मशीनवर १२ नंबरचा रॉड लावून पाहिला होता, तर जोड व्हायच्या ऐवजी भोकं पडत गेली. मिगने भोकं थांबली, पण तळाचा पहिला तुकडा मी एका दमात सलग जोडला आणि गार होताना त्याचा पापड झाला. हे तर माझ्याच विषयातलं: तापलेल्या जागी पत्रा फुगू पाहतो, बाजूचा गार पत्रा त्याला फुगू देत नाही, म्हणून तो वर उचलला जातो, गार होताना आकसतो आणि ताण तसाच राहतो. प्रसरणाचा धडा शिकवताना मी रेल्वेच्या रुळांमधली फट सांगतो. जीपचा तळ सांगितला असता तर पोरांच्या लक्षात राहिलं असतं. उपाय साधा आणि कंटाळवाणा. इथे एक टाका, तिथे एक टाका, सहा इंच सोडून तिसरा. मधे ओलं फडकं. मग ग्राइंडर. मग खाली लोखंडी ठोकळा धरून वरून हातोडी, आणि पुन्हा टाके. मामा टाका हा शब्द शिवणकामासारखाच वापरायचे. “घाई केली की शिवण खेचतीय.” तळाला अकरा रविवार लागले. डबवालीची नवी बॉडी तेवढ्या वेळात दोनदा येऊन पोचली असती, हे मला घरात वरचेवर ऐकवलं गेलं. पण मला त्या पट्ट्यांच्या खुणा, त्या जुन्या भोकांच्या जागा हव्या होत्या. हट्टच म्हणा.

इंजिनासाठी कोल्हापुरात फार हिंडावं लागत नाही. उद्यमनगरात बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सीट, सगळं दोन-तीन गल्ल्यांत होतं. सिलिंडर चाळीस थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठे करून घेतले, तेवढ्या मापाचे पिस्टन मिळाले. क्रँक दुसऱ्या एका ठिकाणी दिला. पावतीवर लिहिलं होतं मेन वीस, म्हणजे मूळ मापापेक्षा वीस थाउ बारीक, म्हणून वीसचे बेअरिंग मागवले. क्रँक बसवला तर हाताने हलवताना बारीक टकटक. कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं स्क्रू गेज घेऊन आलो. त्याचा जबडा पंचवीस मिलिमीटरच्या पुढे उघडत नाही, हे मला तिथे उभं राहिल्यावर आठवलं. ओळखीच्या लेथवाल्याने मोठं मायक्रोमीटर लावलं. तीस थाउ! पावतीवर वीस, क्रँक तीस. त्या दुकानात मी दोनदा जाऊन भांडलो, हाती काही लागलं नाही, तीसचे बेअरिंग माझ्याच खर्चाने आले. तेव्हापासून मी मशीनवरून परत आलेली प्रत्येक वस्तू स्वतः मोजतो. पावतीवर माझा विश्वास उरलेला नाही.

व्हॉल्व्हची फट इनटेकला अठरा थाउ, एक्झॉस्टला सोळा, इंजिन थंड असताना. वरचे व्हॉल्व्ह उभ्याने जुळवता येतात. खालचे मात्र ब्लॉकच्या कुशीतलं झाकण काढून, मान वाकडी करून, आरशात बघत. त्या दोन संध्याकाळींबद्दल जास्त लिहीत नाही.

२०२२ च्या डिसेंबरात इंजिन चॅसिसवर बसलं. कार्बोरेटर जुनाच, सोलेक्स, उकळत्या पाण्यातून काढून साफ केलेला. स्टार्टर पायाने दाबायचा, जमिनीवरचं ते बटण. बायको, मुलगी, मामा, गुऱ्हाळवाला, सगळे जमलेले. मी पाय दाबला. इंजिन फिरलं, फिरलं, आणि कार्बोरेटरमधून असा बार उडाला की शेजारच्या दावणीची म्हैस खुंट्यासकट उपटून बाहेर गेली. पुन्हा दाबला, पुन्हा बार. मी प्लगच्या वायरी ठिणगीच्या क्रमाने तपासल्या: एक, तीन, चार, दोन, बरोबर. मामांनी पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला, भोकावर अंगठा ठेवला आणि मला हँडल फिरवायला सांगितलं. “वारा कवा ढकलतोय बगा.” वारा ढकलला त्या क्षणी डिस्ट्रिब्यूटरचा, म्हणजे प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाचा, रोटर चौथ्या सिलिंडरकडे तोंड करून उभा होता. पिस्टन वर आला म्हणजे कॉम्प्रेशनच, असं मी धरून चाललो होतो. एक्झॉस्टच्या फेरीतही पिस्टन वरच येतो. चार फेऱ्यांचं इंजिन, बारा वर्षं शिकवतोय. मामा काही न बोलता डिस्ट्रिब्यूटर उचलून अर्धा फेरा फिरवून बसवत होते. मग हळूच म्हणाले, “सर, पोरांस्नी काय शिकवता मग?”

पुढच्या वेळी पाय ठेवल्या ठेवल्या सुरू झालं. शिवणयंत्रासारखा बारीक आवाज येईल असं वाचलं होतं. आमच्याकडे आला तो गिरणीच्या पट्ट्यासारखा, पण एका तालात. मुलगी म्हशीला शोधायला गेली होती, तिने तो ऐकलाच नाही.

रंगाचं काम फेब्रुवारीत उरकलं. गोठ्यात प्लास्टिकचे पडदे लावले, धूळ बसावी म्हणून जमीन भिजवली, पॉलिश पेपर ८०० पर्यंत नेला आणि सर्वांत खालच्या थरात सापडलेला तोच राखाडी मारला. डाव्या फेंडरवर एक चिलट अडकलंय, ते तसंच ठेवलं.

आरटीओचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा सरळ झालं, कारण आता कागद आणि लोखंड एकच सांगत होते. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार झाली होती. त्यावर उशिराचा दंड, पर्यावरण कर, विमा. तपासणीला साहेबांनी चॅसिस नंबरचा पेन्सिलीने छाप घेतला, तसाच इंजिनाचा, आणि तो आकडा पाहून थबकले. “तीन की आठ?” मी खिशातून मामांनी काढलेला छाप काढून पुढे केला. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी मिळते, ‘व्हीए’ अक्षरांची पाटी वगैरे. पण ती गाडी रोज रस्त्यावर वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली एवढंच. मला बाजाराला जायचं होतं. एम अक्षराने सुरू होणारा तीन अक्षरांचा जुना नंबर तोच राहिला. पुढे २०२५ मध्ये त्यावर नवी हाय सिक्युरिटी पाटी चढली. चेहरा जुना, कपाळावर होलोग्राम.

खर्च? वही आहे. जीप आणि इंजिन धरून तीन लाख चाळीस हजारांपर्यंत मी लिहीत गेलो, मग लिहायचं सोडलं. वही गोठ्यातच असते, घरात नेत नाही.

चालवायला ती मुळीच लाडाची नाही. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही. पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचा तर दोनदा क्लच दाबून, मधे ॲक्सिलरेटर देऊन वेग जुळवावा लागतो, नाही तर गिअरबॉक्स अख्ख्या चौकाला तुमची लायकी सांगतो. हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) मागच्या शाफ्टवर. चालत्या गाडीत ओढला की सगळी जीप लाथ मारल्यासारखी उसळते. पेट्रोल लिटरला आठ. जोतिबाच्या चढाला पहिल्या खेपेला नीट गेली, दुसऱ्या खेपेला निम्म्यात पेट्रोल येईना. पंपाचा रबरी पडदा फुगून लिबलिबीत झाला होता. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, असं मामांचं मत. नवा पडदा इथेनॉल सोसणारा मागवून बसवला, तेव्हापासून तक्रार नाही. वायपर अजून हातानेच फिरवतो. मोटर आणलीय, बसवायला सवड मिळालेली नाही.

गेल्या महिन्यात निपाणीकडून येताना डावं मागचं चाक बसलं. स्टेपनी होती, पण जॅक घरी. रस्त्याकडेला पंक्चरवाला होता. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा, अंगात जोर. त्याने जॅक लावला, पाना घातला. मी पलीकडच्या टपरीवर चहा सांगायला गेलो. आमच्या जीपच्या डाव्या दोन्ही चाकांवर मी लाल रंगाने बाण काढून ठेवलेत, इकडे फिरवा म्हणून. चहावाला आलं किसत होता. मागे वळून पाहिलं तर पोरगं बाणाकडे एकदा बघून, डोकं खाजवून, दुकानातून लांबलचक पाइप घेऊन येत होतं. मी चहा तिथेच टाकून रस्ता न बघता ओरडत धावलो, “उलटं हाय त्ये! उलटं!”